चवरीवाल्याचे कान

पुकारा: घोडा

हरिसिंग पलीकडे गेल्याची बातमी खंडेनवमीच्या सकाळी पुसदला पोचली, तेव्हा सुहासिनी मागच्या अंगणात रिठे कुसकरत बसली होती. बातमी साकेतच्या मोबाइलमधून आली. हरिसिंगने स्वतःच स्टेटस ठेवलं होतं: एका बाजूला नयन राजे, दुसऱ्या बाजूला हरिसिंग, मधे घोडा. घोड्यालाही फेटा बांधला होता.

"घोडाच सगळ्यात खूश दिसतोय," साकेत म्हणाला. मग तो मोरीच्या कट्ट्यावर बसला आणि आईच्या हातांकडे पाहत राहिला.

पाटावर चवरी ठेवली होती. पांढऱ्या लांब केसांचा झुपका, चांदीची मूठ. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती रिठ्याच्या कोमट पाण्यात धुवायची, सावलीत वाळवायची, आणि हे काम चवरीवाल्याच्या बायकोनंच करायचं. लग्नाच्या पहिल्या वर्षी सुहासिनीला ती मेलेल्या जनावराची शेपटी वाटली होती. ती होतीच तशी. अडतीस वर्षं धुऊन तिचं शेपटीपण गेलं नव्हतं, फक्त सुहासिनीची किळस गेली होती.

उमरदरीच्या गादीचे मानकरी चार. घोडा हरिसिंगच्या घराण्याकडे, मशाल देवीलालकडे, पाणी रुपीबाईकडे आणि चवरी कमलाकरकडे. दसऱ्याला, शिलंगणाला निघायच्या आधी, देवीलाल पायरीवर उभा राहून एकेका मानाचं नाव पुकारतो आणि मानकरी 'हजर' म्हणतो. चौघांचं 'हजर' झाल्याशिवाय राजानं खुर्चीतून उठायचं नाही. वतनं सरकारनं कधीच खालसा केली. हजर राहण्याबद्दल जे मिळायचं ते गेलं आणि हजर राहणं तेवढं उरलं.

यंदा पुकारे दोन होते. एकाच मुहूर्तावर, एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना. अलीकडे एकोणऐंशी वर्षांचे पुंडलिकराव राजे, पलीकडे त्यांचा पुतण्या नयन. भांडण हमरस्त्याला लागून असलेल्या संस्थानच्या बत्तीस एकर माळावरून. नयनला तिथं नर्सिंग कॉलेज काढायचं होतं. पुंडलिकराव नको म्हणत होते. का नको, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. राजानं कारण द्यायचं नसतं, अशी त्यांची समजूत होती, आणि पुतण्याला माळापेक्षा ती समजूतच जास्त खुपत होती.

"आता उरले दोन," साकेत म्हणाला. "रुपीबाई आणि बाबा."

सुहासिनीने रिठ्याच्या बिया बाजूला काढल्या.

साकेतला काय म्हणायचं होतं ते तिला ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक होतं. तरी त्याने ते सगळं पुन्हा सांगितलं. नऊ वर्षं तो नयनच्या संस्थेच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर भूगोल शिकवत होता. तेहतीस वर्षांचा झाला होता. मुलगी पाहायला गेलं की पोहे येण्याआधी प्रश्न येई: ऑर्डर आहे का? आता एक कायम जागा मंजूर झाली होती. मुलाखत सोमवारी, तीही नावाला. नयनदादांनी परवा स्टाफरूमच्या दारात त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, की सर, तुमच्या बाबांनी आमच्याकडे यावं असंही मी म्हणत नाही. त्यांची तब्येत दसऱ्याच्या दिवशी बरी नसली तरी पुरे.

"इतकंच, आई. एक दिवस घरी झोपून राहायचं."

सुहासिनीने हात पुसले. रिठ्याचं पाणी बादलीत तसंच राहू दिलं आणि पाटावरची चवरी कोरडीच राहिली. "जेवायला शाल्मली येते आहे," ती म्हणाली. "तेव्हा बोल बाबांशी. माझ्याशी बोलून काय होतं?"

पुकारा: मशाल

देवीलाल सगळ्यात आधी गेला होता, पंधरा दिवसांपूर्वी, आणि जाताना सगळ्यांना सांगून गेला होता. म्हणाला, पुंडलिकरावांनी मले सात वर्षांत नवा फेटा देल्ला नाई, मशालीच्या उजेडात जुना फेटा चांगला दिसत नाई. त्याच्यावर कोणी रागावलं नाही. ज्याचं कारण इतकं लहान असतं त्याच्यावर रागावता येत नाही.

साकेतची बहीण शाल्मली यवतमाळच्या कोर्टात वकिली करत होती. ती दुपारी आली ती हातात कागद घेऊनच. जेवणं होईपर्यंत कोणी विषय काढला नाही. पाटवडीचा रस्सा चांगला झाला आहे असं तिघांनीही एकेकदा म्हणून झालं. मग शाल्मलीने ताट सरकवलं आणि संस्थानची घटना वाचली. ती १९५८ साली लिहिली होती तिच्या आजोबांनी, म्हणजे कमलाकरच्या वडिलांनी, तहसीलच्या कारकुनी भाषेत:

*घरांत दोन तट पडले तरी मानकऱ्यांनीं गादी सोडूं नये. दसऱ्याचे पुकाऱ्यास चौघांपैकीं निदान एक इसम समक्ष हजर असेल तोंवर गादी चालूं समजावी. एकही नसल्यास ती रिकामी समजून पंचांनीं घरांतील दुसरा वारस बसवावा.*

"म्हणजे असं," शाल्मली म्हणाली, "उद्या रुपीबाई आली नाही आणि तुम्हीही गेला नाहीत, तर उद्या संध्याकाळी गादी नयनची. कोर्ट नाही, कचेरी नाही. आजोबांनी काम सोपं करून ठेवलं आहे."

कमलाकर ताक पीत होता. पुसद तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला माणूस. घोट घेतानाही त्याची पाठ सरळ असे. तो म्हणाला, "दोन तट पडले तरी सोडू नये, हे आधी लिहिलं आहे."

"न सोडून तुम्हाला मिळतं काय?" साकेतने विचारलं. "वतन गेलं. मान म्हणावा तर मागच्या वर्षी पुंडलिकरावांनी सगळ्यांदेखत तुम्हाला म्हटलं, कमलाकर, झोप लागली का तुले, माशी बसली माह्या कानावर. माशी, बाबा."

"बसली होती," कमलाकर म्हणाला.

शाल्मली हसली आणि मग तिलाच ते बरं वाटलं नाही. तिने दुसरीकडून धरलं. अडतीस वर्षं त्या खुर्चीमागे उभे राहता, ती म्हणाली, तुमच्यासमोर त्या घरातली लग्नं ठरली, वाटण्या झाल्या, एकमेकांचे काटे काढायचे बेत झाले. त्यातली एक तरी गोष्ट सांगा. म्हणजे आम्हाला कळू द्या, की तुम्ही कोणासाठी हे करता.

इथं गोष्ट थोडी थांबवावी लागते, कारण उमरदरीबाहेरच्या माणसाला हे माहीत नसतं: चवरीवाल्याला कान नसतात. म्हणजे असतात, पण धरत नाहीत. मशालवाला आला की राजे आवाज खाली करतात, पाणी घेऊन बाई आली की विषय बदलतात, पण मागे उभा असलेला चवरीवाला म्हणजे खुर्चीची पाठ. त्याच्यासमोर काहीही बोलता येतं. त्याने ते ऐकलेलं नसतं आणि जे ऐकलेलंच नाही ते तो सांगणार कुठून?

सुहासिनीने नवी नवरी असताना विचारून पाहिलं होतं. मग रुसून पाहिलं, मग एकदा उपास करून पाहिलं. कमलाकरने तिला तिसऱ्या दिवशी सफरचंद कापून दिलं, पण सांगितलं काही नाही. नयनचे वडील वारले त्या आठवड्यात पुंडलिकराव आणि त्यांची विधवा भावजय बेबीताई दार लावून दोन तास बसली होती. मेलेल्या भावाचा माळावरचा हक्क कुठं गेला, तिनं सही का केली आणि बदल्यात काय घेतलं, यावर आख्ख्या तालुक्यात पैजा लागल्या. दाराआड तिघं होती. तिसरा रात्री घरी आला, हातपाय धुतले आणि म्हणाला, भाजी कशाची आहे?

आताही कमलाकर तसाच उठला. ताकाचा पेला स्वतः विसळून पालथा घातला. साकेत त्याच्या पाठीला म्हणाला, "तुम्ही उद्या हजर झालात तर मी कायमचा गैरहजर झालो, एवढं समजा."

कमलाकरने हात पुसले. मग खोलीत जाऊन पडला. त्याला दुपारी झोप लागत नसे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

पुकारा: पाणी

चार वाजता दारात पांढरी गाडी थांबली आणि बेबीताई उतरल्या. त्या सुहासिनीच्या घरी आजवर दोनदा आल्या होत्या, दोन्ही वेळा कोणीतरी वारल्यावर. आज त्यांच्या हातात साडीचं पाकीट होतं.

त्या सरळ मागच्या अंगणात गेल्या. बादलीतलं पाणी पाहिलं, पाटावरची कोरडी चवरी पाहिली, आणि मोरीच्या कट्ट्यावरच बसल्या, जिथं सकाळी साकेत बसला होता.

"अजून नाई धुतली," त्या म्हणाल्या. "बरं केलं."

सुहासिनी चहा ठेवायला वळली तर त्यांनी तिला बसवलं. रुपीबाई आमच्याकडे आली सकाळीच, त्यांनी सांगितलं. तिच्या नातीला नयन नर्सिंगला घेणार आहे. पोरगी हुशार आहे, तिचं भलं होईल. आणि खरं म्हणजे सगळ्यांचंच भलं होईल, एक म्हातारा सोडून. आणि म्हाताऱ्याचं तरी काय वाईट होणार आहे? दोन वेळचं जेवण, औषधं, डोक्यावर पंखा.

"पंखा असला का मंग चवरी कायले पाहिजे, तूच सांग."

सुहासिनी म्हणाली, की जायचं की नाही ते हे ठरवतील, मी कोण?

"मले नको शिकवू. मी पण गादीच्या घरची सून हावो." बेबीताईंनी चवरीकडे बोट केलं. मळकी चवरी घेऊन मानकरी खुर्चीमागे उभा राहत नाही, हा कायदा कोणाचा? आपल्याच माणसांचा. ती धुवायची कोणी? बायकोने. "नवऱ्याले थांबवासाठी बायकोले तोंड उघडा लागत नाई. तू नुसती बसून राह्य. पोराची ऑर्डर सोमवारी तुह्या हातात."

मग त्या थोडं पुढे वाकल्या आणि अगदी सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "तो काही बोलते का घरी? आमच्याकडचं?"

"नाही," सुहासिनी म्हणाली.

बेबीताईंनी मान हलवली. त्यांना ते पटलं. साडीचं पाकीट कट्ट्यावर राहिलं.

गाडी गेल्यावर सुहासिनी बराच वेळ बसून होती. नुसतं बसून राहणं किती सोपं आहे, हे तिला कळत होतं. पाणी गार झालं होतं. साकेतच्या खोलीतून इस्त्रीचा वास येत होता. तो उद्यासाठी शर्टाला इस्त्री करत होता, रस्त्याच्या पलीकडे उभं राहायला. तिला दोन माणसं एका घरात ठेवायची होती आणि त्यासाठी तिच्या हातात होती एक बादली.

ती आत गेली. कमलाकर पलंगावर छताकडे पाहत पडला होता.

"एकच विचारते. त्यांच्या घरातलं सांगू नका. तुमच्यातलं सांगा. का जाता?"

त्याने इतका वेळ घेतला, की तिला वाटलं हेही त्याने ऐकलं नाही. मग तो म्हणाला, "तो एकटा हाय."

घरी तो असा कधी बोलत नसे. तहसीलमध्ये गेल्यापासून त्याने घरात पुस्तकी मराठी आणली होती आणि मुलांनाही तीच लावली होती. हे बोलणं त्याच्या लहानपणातलं होतं. कदाचित त्याच्या वडिलांचं.

"आणि साकेत?"

"त्याच्यामागे तू हायेस. मी हावो. त्या म्हाताऱ्यामागे उद्या भिंत."

सुहासिनीने पाणी पुन्हा गरम केलं. चवरी धुतली, बोटांनी एकेक बट मोकळी केली आणि मागच्या दोरीवर, सावलीत टांगली. साकेत पाणी प्यायला बाहेर आला तेव्हा त्याने ती पाहिली. मोटरसायकल काढून मित्राकडे राहायला गेला, तो जेवायलाही आला नाही.

पुकारा: चवरी

दसऱ्याला दुपारी शाल्मलीने गाडी काढली. फुलसावंगीच्या पुढे रस्त्याच्या कडेला सोयाबीन वाळत पडलं होतं आणि मळणीयंत्राची धूळ काचेवर बसत होती. कमलाकर पुढे बसला होता, चवरी पांढऱ्या धुतल्या धोतरात गुंडाळून मांडीवर. उमरदरी येईपर्यंत तो एकदाच बोलला. वायपर लावू नको, म्हणाला, काच आणखी घाण होईल.

पलीकडे नयनचा मांडव होता. निळी झालर, शंभर खुर्च्या, भोंगा. घोडा, मशाल आणि पितळी घागर तिन्ही पुढे मांडून ठेवली होती, प्रदर्शनात ठेवतात तशी. अलीकडे पुंडलिकरावांचं सिमेंटचं घर, त्याचा ओटा, ओट्यावर उंच पाठीची खुर्ची, आणि खुर्चीत ते. डोक्यावर जुना मंदिल. ओट्याखाली घरचे गडी आणि दोन म्हातारे शेजारी. निंबाखाली दोन पोलीस बसले होते. त्यांना अलीकडून चहा आला होता आणि पलीकडून भजी.

पाण्याचा मान सोडला तर बायकांनी ओट्यावर चढायचं नसतं. सुहासिनी आणि शाल्मली निंबापाशी उभ्या राहिल्या. पलीकडच्या मांडवात तिसऱ्या रांगेत साकेत होता, इस्त्रीच्या शर्टात. त्याने त्यांना पाहिलं आणि मान दुसरीकडे केली.

कमलाकर ओट्यावर चढला, पण खुर्चीमागे गेला नाही. पुकारा होईपर्यंत मानकरी खांबापाशी थांबतो. तो थांबला. पुंडलिकरावांनी त्याच्याकडे पाहिलं, मग पायरीकडे पाहिलं. पायरीवर देवीलाल नव्हता. पुकारायला कोणीच नव्हतं.

पलीकडचा भोंगा बंद झाला. सगळा मांडव या ओट्याकडे पाहू लागला.

मग राजानं जे कधी करायचं नसतं ते पुंडलिकरावांनी केलं. त्यांनी स्वतःच पुकारलं. आवाज चिरका होता.

"घोडा."

रस्त्यापलीकडे घोडा खिंकाळला. मांडव हसला. पोलीसही हसले.

"मशाल."

कोणी हसलं नाही.

"पाणी."

रुपीबाईने पदर तोंडाशी धरला. तिची नात तिच्या शेजारी बसली होती.

"चवरी."

सुहासिनीच्या मनात त्या क्षणी एकच आलं, की अजूनही तो गप्प राहू शकतो. पावलं इथवर आणली, एवढं पुरे म्हणू शकतो. साकेत आता सरळ बापाकडे पाहत होता.

"हजर," कमलाकर म्हणाला.

तो खुर्चीमागे गेला आणि चवरी हलू लागली. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. गादी चालू होती.

साकेत मान खाली घालून आपल्या बुटांकडे पाहू लागला, आणि मग कितीतरी वेळ त्याने वर पाहिलंच नाही.

पुकाऱ्यानंतर

आता नयनने पंचांकडे जायचं, कोर्टात जायचं, वर्षभर भांडायचं, असं शाल्मली निंबाखाली सांगत होती. तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत बेबीताई रस्ता ओलांडून अलीकडे आल्या. त्यांच्यामागे नयन आला. कोणीतरी प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या ओट्यावर नेल्या. बेबीताई म्हणजे घरची सून, त्यांना ओटा मना नव्हता.

खालून शब्द ऐकू येत नव्हते. दिसत तेवढं होतं. आधी पुंडलिकराव मान हलवत होते. मग बेबीताई काहीतरी बोलल्या आणि पुंडलिकरावांची मान थांबली. नयनने माळाच्या दिशेने हात केला. पुंडलिकरावांनी एक बोट वर केलं, एक काहीतरी मागितलं. नयन हसला, आणि खांद्यावरून ओझं उतरावं तसे त्याचे खांदे खाली आले. तिन्ही डोकी जवळ आली होती. त्यांच्यावरून चवरी जात होती, येत होती.

पुंडलिकरावांनी घरात हाक मारली. त्यांच्या मुलीचा मुलगा आयुष बाहेर आला. सव्वीस वर्षांचा, गुळगुळीत कुरत्यातला. त्याने नयनच्या पायांना हात लावला. नयनने त्याच्या पाठीवर थाप मारली.

आणि चवरी थांबली.

अडतीस वर्षांत सुहासिनीने ती पुकारा झाल्यावर थांबलेली पाहिली नव्हती. कमलाकरला ताप होता त्या वर्षीही नाही. ती पायऱ्या चढली. कोणीतरी मागून अहो बाई म्हणालं. ती खुर्चीच्या मागे गेली आणि नवऱ्याच्या दंडाला धरलं. तिला वाटलं होतं, त्याला घेरी आली.

"काय होतंय?"

तो तिच्याकडे पाहून बोलला. हळू नाही, नेहमीच्या आवाजात, टेबलापलीकडच्या माणसाला फाइलचा नंबर सांगावा तसा.

"माळ नयनला दिला. बदल्यात कॉलेजातली भूगोलाची जागा आयुषला मागितली. नयन हो म्हणाला."

खुर्चीच बोलावी तसे पुंडलिकराव दचकून मागे वळले. त्यांना राग आला नव्हता. ते खरोखर गोंधळले होते. ती जागा कोणाची होणार होती हे त्यांना माहीत असेल किंवा नसेल, पण मागे कोणी बाप उभा आहे हे त्यांच्या मनात आलंच नव्हतं. कसं येणार? मागे चवरी होती.

"कमलाकर?"

"मी ऐकलं, मालक."

सुहासिनीने एक गोष्ट पाहिली: पुंडलिकरावांनी आधी बेबीताईंकडे पाहिलं, बेबीताईंनी त्यांच्याकडे, आणि दोघांच्या तोंडावरचं रक्त एकदमच उतरलं. नयनला काही कळलं नाही. तो एकदा काकाकडे, एकदा आईकडे पाहत राहिला.

कमलाकरने चवरी खुर्चीच्या हातावर ठेवली. केस खाली लोंबू नयेत म्हणून वर सारले. मग तो पायऱ्या उतरू लागला.

"रजा नाई देल्ली म्यां," पुंडलिकराव मागून म्हणाले. पण त्यांचा आवाज विचारल्यासारखा होता.

समोरून हरिसिंग घोडा घेऊन येत होता, मागे देवीलाल, त्यामागे घागर घेऊन रुपीबाई. समझोता झाल्याचं भोंग्यावरून सांगून झालं होतं. आता चौघांनी मिळून शिलंगणाला निघायचं होतं.

"चालले कुठं कमलाकरभाऊ?" हरिसिंग खुशीत म्हणाला. "मिटलं ना सारं."

कमलाकर त्याला वाट देऊन पुढे गेला.

साकेत रस्त्याच्या मधोमध उभा होता. बाप त्याच्यासमोर थांबला.

"तुझी जागा गेली."

"कोणी सांगितलं?"

"माझ्यासमोर दिली. आयुषला."

साकेत म्हणाला, "तुम्ही हजर झालात म्हणून गेली. तुम्ही घरी असता तर म्हाताऱ्याकडे द्यायला-घ्यायला काही राहिलंच नसतं."

"हो," कमलाकर म्हणाला.

साकेत वाट पाहत होता. बापाने एखादं कारण दिलं असतं तर त्याला भांडता आलं असतं. शेवटी तो गेला आणि गाडीचं मागचं दार उघडून आत बसला, गुडघ्यांवर कोपरं टेकून. मोटरसायकल मांडवापाशीच राहिली. कमलाकर पुढे बसला. शाल्मलीने किल्ली लावली.

सुहासिनी दारापाशी पोचली तेव्हा मागून चपलांचा घाईघाईचा आवाज आला.

"सुहासिनी. थांब."

बेबीताईंना धाप लागली होती. हातात आपट्याची पानं होती, कोणीतरी दिलेली, आणि ती त्यांनी इतकी घट्ट धरली होती की दुमडली होती. त्यांनी गाडीकडे पाहिलं, काचा वर आहेत हे पाहिलं, आणि आवाज खाली केला. काल तू नाही म्हणाली, त्या म्हणाल्या. खरं सांग.

"तुले काय काय सांगतलं त्यानं? इतक्या वर्षांत?"

काचेतून साकेतची वाकलेली पाठ दिसत होती. इस्त्रीच्या शर्टावर घामाचा डाग पडला होता. पुढच्या सीटवर कमलाकर सरळ बसला होता, रिकामे हात मांडीवर ठेवून. ते हात कुठं ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं.

"सगळं," सुहासिनी म्हणाली.

"सगळं म्हंजे?"

"नयनदादांचे वडील वारले त्या आठवड्याचंही."

मांडवात हलगी सुरू झाली होती. पलीकडून नयन आईला हाका मारत होता, मिरवणूक निघते आहे म्हणून, आणि त्या वळून पाहत नव्हत्या.

"त्याले... नयनले माईत नाई ते," शेवटी त्या म्हणाल्या.

सुहासिनीलाही माहीत नव्हतं. तिने दाराच्या मुठीवर हात ठेवला.

"मुलाखत सोमवारीच आहे ना, ताईसाहेब? की बदलली?"

बेबीताईंनी हातातली पानं तिच्यापुढे केली. सुहासिनीने ती घेतली.

"सोमवारीच," त्या म्हणाल्या. "अकराले. पाठवा त्याले."